नजर आणि नेम

या मासिकातून मी आजवर हरिपाठ, वारीतले अनुभव, संतचरित्रे यांवर लिहीत आलो. आजचा विषय मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळाचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या, गादीवरून उतरलेल्या कीर्तनकाराने हे कशाला काढले, असे काही माउलींना वाटेल. पण हा खेळ आता वारकऱ्यांच्या घरातही आहे. माझ्या घरात तर तो हरिपाठाच्या वेळीच सुरू होई, म्हणून लिहिणे भाग पडले.

आमचे घर नागपूरच्या महालात, जुन्या वाड्यांच्या गल्लीत. संध्याकाळी मी देवघरात हरिपाठाला बसे, तेव्हा पलीकडच्या खोलीतून अकरावीतल्या नातवाचा आवाज येई. कानाला यंत्र लावून तो कुणाशी तरी बोलत असे. "मागून ये, मागून. तू कव्हर दे, मी जातो. मार त्याला, सोडू नको!" इकडे माझ्या तोंडी हरीचे नाम आणि तिकडे हे शब्द. एक दिवस माझा तोल गेला. मी उठलो, त्याच्या हातून फोन ओढून घेतला आणि म्हणालो, "देवघराला लागून माणसे मारतोस? लाज वाटत नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "आबा, तुम्ही पण तर शिवजयंतीच्या कीर्तनात दरवर्षी अफजलखानाला मारत होते. मी तेव्हा पहिल्या रांगेत बसून राहायचो. तुम्हाला तर लोक हार घालत होते."

सूनबाईने त्याला दटावले. मी फोन परत दिला आणि देवघरात येऊन बसलो, पण हरिपाठ पुढे जाईना. चाळीस वर्षे गादीवर उभा राहिलो, किती जणांच्या शंकांना उत्तरे दिली. या पोराच्या प्रश्नाला मात्र उत्तर सुचले नाही. मग ठरवले की आधी पाहायचे आणि मग बोलायचे. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसू लागलो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'पब्जी' हे नाव बहुतेकांच्या कानावर आहे. तो संगणकावर २०१७ साली आणि मोबाईलवर २०१८ साली आला. आपल्या सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी इतर अनेक ॲपसोबत त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा निघाला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. आपला महाराष्ट्रही या धंद्यात मागे नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ साली 'इंडस' नावाचा असाच खेळ काढला. अमेरिकेच्या सैन्याने तर २००२ सालीच तरुणांना सैन्याकडे ओढण्यासाठी स्वतःचा बंदुकांचा खेळ बनवून फुकट वाटला होता.

खेळ असा, की शंभर जण विमानातून एका बेटावर छत्रीने उतरतात. हात रिकामे असतात. घरे, गोदामे धुंडाळून बंदूक, गोळ्या, शिरस्त्राण, मलमपट्टी गोळा करायची. मग बेटाभोवती एक वर्तुळ आवळत जाते. बाहेर राहील तो मरतो, म्हणून सगळ्यांना आत सरकावे लागते आणि समोरासमोर यावे लागते. शेवटी जो उरेल तो जिंकला. हे ऐकून मला चक्रव्यूह आठवला. नातवाला तसे म्हटले तर तो हसून म्हणाला, "बरोबर आहे आबा, फक्त इथे शंभरही जण अभिमन्यूच आहेत."

पाहता पाहता लक्षात आले की हा नुसता धांगडधिंगा नाही. चौघांची टोळी असते. एकाने पुढे जायचे, दुसऱ्याने मागून गोळ्या झाडून शत्रूची मान खाली ठेवायची, तिसऱ्याने बाजूने वळसा घालायचा. पावलांचा आवाज ऐकून माणूस कोणत्या मजल्यावर आहे ते ओळखायचे. साथीदार जखमी होऊन रांगू लागला तर गोळ्यांच्या माऱ्यात त्याच्यापर्यंत जाऊन त्याला उभे करायचे. एकदा नातवाने धापा टाकत एक टेकडी गाठली. मी विचारले, इतकी घाई कशाची? म्हणाला, "उंचावरची जागा ज्याची त्याची लढाई." हे तर नागपूरकराला सांगायलाच नको. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रज आणि भोसल्यांचे सैन्य याच एका गोष्टीसाठी भिडले होते. लहान टेकडी भोसल्यांकडच्या अरबांनी सत्तावीस तारखेच्या सकाळी घेतलीही होती, पण ती त्यांच्या हाती राहिली नाही आणि नागपूरचे राज्य हातातून निसटले. आमच्या महालातला गांधी दरवाजा म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. त्याच डिसेंबरात त्याच्यावरही तोफा चालल्या. नातू रोज त्याखालून शिकवणीला जातो. त्याला हे सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा फोन बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिले.

मग मी गाथा काढली. तुकोबारायांचे पाइकाचे अभंग आपण सर्वांनी ऐकले आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. चोरवाटा कोणाला ठाऊक असतात, शत्रूला लाग कसा द्यायचा नाही, मागे माग कसा ठेवायचा नाही, गोळ्या आणि बाण कसे सोसायचे, खरा मुशारा कोणाचा, हे सारे महाराजांनी त्यात घातले आहे. युद्धाची इतकी बारीक माहिती देहूच्या वाण्याला होती, याचे मला दरवेळी नवल वाटते. तेव्हा लढाईच्या डावपेचांत मन रमणे हे काही पाप नव्हे. संतांनाही शिपाई आवडला. पण त्यांनी त्याच्यात पाहिले ते स्वामीसाठी स्वतःचा जीव ओवाळून टाकणे. पाइकाची किंमत त्याने आपला जीव किती सहज दिला यावर ठरते. खेळात शेवटी पडद्यावर आकडा येतो तो आपण किती जणांना संपवले याचा. हा पहिला फरक माझ्या ध्यानात आला.

दुसरा फरक कळायला अधिक दिवस लागले. या खेळाची ख्याती आहे ती खरेपणाबद्दल. बंदुका खऱ्या बंदुकांवरून घेतलेल्या. कोणत्या बंदुकीला किती मिलिमीटरची गोळी लागते, झाडल्यावर नळी किती वर उचलते, लांबच्या माणसावर नेम धरताना गोळी वाटेत किती खाली येते, सगळे हिशेबाने. नातू बोट खाली ओढत नळीचा झटका सावरायचा सराव तासन् तास करी, एखादा पखवाजी बोल घोटतो तसा. आणि गोळी लागली की? आपल्या देशासाठी काढलेल्या खेळात रक्त हिरवे ठेवले आहे. 'मारले' ऐवजी 'संपवले' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घातला आहे. पडलेला माणूस क्षणात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक पेटी उरते. पेटी उघडायची, त्याच्या गोळ्या, त्याचे शिरस्त्राण काढून घ्यायचे आणि पुढे पळायचे.

रक्ताचा रंग बदलला, शब्द सौम्य केला, तो मुलांच्या काळजीपोटी असे म्हणतात. असेलही. पण मला वाटले, इथे हत्यार तेवढे खरे ठेवले आणि दुःख सगळे काढून टाकले. त्या माणसाची आई नाही, गाव नाही, नाव आहे ते कुणीतरी गमतीने घेतलेले. आपल्याकडे उलटे असते. महाभारतातली अस्त्रे कोणी पाहिली? एका बाणाचे हजार बाण होतात, ते कोणी खरे मानो न मानो. पण युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येते. गांधारी रणांगणात उतरते, एकेका देहाजवळ थांबते, हा कोणाचा मुलगा, हा कोणाचा पती ते सांगते. व्यासांनी अस्त्रे कल्पनेची घेतली आणि शोक मात्र खरा ठेवला.

हे सापडल्याच्या आनंदात मी नातवाला उत्तर द्यायला निघालो होतो. पण त्याचा प्रश्न पुन्हा आडवा आला. व्यासांनी शोक ठेवला, मी ठेवला होता का?

माउली, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. पाइकाचा अभंग घेऊन मी शिवजयंतीला कीर्तन करी. दृष्टांताला १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड ठरलेला. भेटीचा शामियाना, खानाची मिठी, मग वाघनखे. तो प्रसंग मी दहा-दहा मिनिटे रंगवी. हाताचा झटका कसा द्यायचा, पखवाजाची थाप नेमकी कुठे हवी, हे मृदंगाचार्यांशी आधी ठरलेले असे. आतडी बाहेर आली म्हटले की तरुण मुले उठून उभी राहत आणि जयघोषाने मंडप दणाणे. तो क्षण मला आवडू लागला होता. महाराजांनी तो प्रसंग का ओढवून घेतला, प्राण पणाला लावून रयतेला कशातून सोडवले, हे सांगायचे दहा मिनिटांच्या आधी. प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याच खानाची कबर आहे, वैर मेलेल्याच्या देहाशी धरायचे नसते, हे सांगायचे दहा मिनिटांच्या नंतर. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला रामरायांनी बिभीषणाला सांगितले, तो प्रसंग तिथे किती शोभला असता! पण आधीचे मी घाईत उरकी आणि नंतरचे वेळ झाला म्हणून सोडून देई. वाघनखे तेवढी तपशीलवार. म्हणजे माझ्या कीर्तनातही हत्यार खरे आणि माणूस नाहीसा. पोराने पहिल्या रांगेत बसून जे उचलले ते मीच पेरले होते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. असे खेळ खेळणारा मुलगा उद्या खरी बंदूक उचलेल, असे म्हणायला आधार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने २०२० साली हेच स्पष्ट केले. हिंसक खेळांचा चिडखोरपणा, आरडाओरडा यांच्याशी थोडा संबंध दिसतो, पण त्यांच्यामुळे प्रत्यक्ष हिंसा घडते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचे व्यसन हा विकार म्हणून यादीत घेतला, तोही खेळात मारामारी आहे म्हणून नव्हे. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळे मागे पडते आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, म्हणून. ही लक्षणे भजनी मंडळातल्या पत्त्यांच्या नादी लागलेल्या माणसातही मी पाहिली आहेत. तेव्हा मुलांना खुनी ठरवणे आपण थांबवावे. आपला प्रश्न वेगळा आहे. साधकाने विचारायचे ते असे, की रोज दोन तास मी जे पाहतो, ते माझ्या पाहण्याचे काय करते?

यावर मला माउलींच्या तेराव्या अध्यायाने वाट दाखवली. ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेशी येऊन ज्ञानोबाराय किती वेळ रेंगाळतात, हे ज्ञानेश्वरीच्या वाचकांना सांगायला नको. अहिंसकाचे पाऊल कसे पडते, त्याचा हात कसा उचलतो, त्याच्या तोंडून शब्द किती जपून येतो. आणि नजर? सर्व भूतांत परब्रह्म आहे, आपल्या दृष्टीचा त्याला धक्का लागेल या भयाने तो सहसा कुणाकडे पाहतच नाही. पाहिले तर अशी कृपेने, की समोरच्याला निवल्यासारखे वाटावे. तरुणपणी आळंदीला हा भाग शिकताना मला ती अतिशयोक्ती वाटली होती. पाहण्याने कुणाला काय इजा होणार?

नातवाच्या शेजारी बसून तो अर्थ मला कळला. या खेळात दुर्बिणीचा डोळा लावला की पडद्यावर आपले शरीर दिसत नाही. दिसते फक्त बंदुकीची नळी आणि मधोमध एक खूण. डोळा आणि नळी एका रेषेत येतात. ज्याच्याकडे पाहायचे त्याच्यावर नेम धरायचा. खिडकीत काही हलले, झुडपामागे कुणी दिसले, की पाहणे आणि मारणे यांत अंतरच नाही. नजरेला ही सवय लागणे, समोर माणूस दिसताच तो शत्रू की आपला एवढेच विचारणे, हे माझ्या लेखी रक्तापेक्षा मोठे संकट आहे. अर्जुनानेही सैन्याकडे पाहिलेच होते. पण त्याने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करवला आणि पाहिले, तेव्हा त्याला आजे, गुरू, मामा, भाऊ दिसले. पुढे भगवंतांनी त्याला लढायला लावले हे खरे, आणि त्याचा मोहही त्यांनी फेडला. पण ज्याला समोरची माणसे दिसली आणि ज्याचे धनुष्य हातातून गळाले, त्यालाच गीता सांगितली गेली. ज्यांच्या हातून धनुष्य गळलेच नाही असे वीर दोन्हीकडे ढीगभर होते.

हे सगळे माझ्या मनात घोळत असतानाच २०२५ चा मार्च महिना उजाडला. सोळा तारखेला रविवारी तुकाराम बीज झाली. दुसऱ्या दिवशी तिथीप्रमाणे शिवजयंती. त्या सतरा तारखेच्या संध्याकाळी आमच्या महालात दंगल उसळली. कारणांची चर्चा वर्तमानपत्रांनी भरपूर केली, ती इथे नको. दगड आले, गाड्या जळल्या, कोतवाली, गणेशपेठ, तहसील अशा अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. आम्ही दिंडी दरवाजाला अडसर लावून आतल्या खोलीत बसलो. बाहेर पत्र्यावर दगड पडल्याचा आवाज आला तेव्हा नातवाचा चेहरा पांढरा पडला. शंभरांत शेवटचा उरणारा तो पोरगा माझा हात घट्ट धरून बसला होता. "आबा, आवाज कुठून येऊन राहिला ते समजूनच नाही राहिलं," एवढेच तो म्हणाला. खेळात पावलांवरून मजला ओळखणारे ते कान! भीती खरी असली की सगळे डाव विसरतात.

रात्री उशिरा थोडे शांत झाले. मला झोप नव्हती. पलीकडून त्याचा दबका आवाज आला. मनात आले, अशा रात्रीही खेळ? मी दारात जाऊन उभा राहिलो. खेळ उघडा होता, पण कोणी खेळत नव्हते. बेटावर उतरायच्या आधी सगळे जमतात, त्या जागी त्याची चौघांची टोळी नुसती उभी होती. तो विचारत होता, "तू ठीक आहेस ना? घरी आहेस ना? अब्बू आले का कामावरून?" पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "खिडकीजवळ नको थांबू. सकाळी फोन कर."

त्याच्या टोळीतला एक मुलगा मुसलमान आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर राहतो, हे मला त्या रात्री कळले. दोन वर्षे ज्याला "कव्हर दे" म्हणून हाका मारल्या जात होत्या तो हाच. मी दारातून मागे फिरलो. ज्याला मी दोष देत होतो त्याच खेळातून तो पोर त्या रात्री एका माणसापर्यंत पोहोचला होता. आणि मी? माझे गल्लीपलीकडे किती जणांशी संबंध आहेत, कोणाला मी फोन केला? शेख महंमदांचे अभंग आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या रात्री विचारपूस करण्यासाठी माझ्याकडे पलीकडचा एकही क्रमांक नव्हता.

त्या दंगलीत जखमी झालेला एक माणूस काही दिवसांनी रुग्णालयात गेला. बातमी आली तेव्हा नातू माझ्याजवळच बसला होता. तो वर्तमानपत्र वाचत राहिला आणि म्हणाला, "आबा, त्याच्या घरी कोण कोण असेल?" या प्रश्नाने मी त्याच्या पहिल्या प्रश्नातून सुटलो असे नाही. पण त्याची नजर शाबूत आहे, एवढी खात्री पटली.

आता घरात काय चालते ते सांगून थांबतो. खेळ बंद केलेला नाही. हरिपाठ आधी, खेळ नंतर, आणि रात्री दहाला फोन सूनबाईच्या उशाशी, असे त्याच्याच संमतीने ठरले आहे. कधी मोडते, कधी पाळले जाते. अधूनमधून मी शेजारी बसतो. तो कुणाला पाडतो आणि पेटी उघडतो तेव्हा मी विचारतो, "कोणाचा होता रे?" आधी तो चिडे. परवा म्हणाला, "असेल कोणी, नाशिकचा वगैरे, दहावीच्या अभ्यासातून उठलेला. आता आई ओरडत असेल त्याला." आम्ही दोघेही हसलो.

आणि एक माझ्या पुढच्या पिढीच्या कीर्तनकार माउलींसाठी. समोर बसलेली पोरे आपल्या हाताचा झटका पाहत असतात. वीररस जरूर रंगवा, तो आपला वारसा आहे. पण शस्त्राला दहा मिनिटे दिली तर पडलेल्या माणसाला दोन तरी द्या. माझा गळा आता साथ देत नाही, नाहीतर प्रतापगडाचे ते कीर्तन मी एकदा कबरीपर्यंत नेले असते. ते राहून गेले. आपल्यापैकी कोणी ते पुरे केले तर या म्हाताऱ्याचे ऋण फिटेल.